फाळक्यावरची खूण

भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या एकाही गोष्टीला मी आयुष्यात दमडीची किंमत दिलेली नाही. धंद्यातल्या माणसानं दोनच गोष्टी मानायच्या – डोळ्यांनी पाहिलेला माल आणि हातांनी मोजलेला माल. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो आणि त्यातले निम्मे खोटे म्हणून सोडून देतो. माझाही तुम्ही तसाच सोडलात तर तक्रार नाही. पण एका कागदावर माझी सही आहे, आणि त्या कागदावर लिहिलेलं खोटं आहे. तो कागद कुठल्यातरी परदेशी कपाटात अजून पडलेला असेल. मी जायच्या आधी खरं काय ते कुठेतरी छापून यावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

आता मी नागपूरच्या मनीषनगरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. पण घडलो शहराबाहेरच्या वाडीत, अमरावती रोडवरच्या गोदामांत. चौदाव्या वर्षी पोती उचलायला लागलो. पस्तिशीत माझ्या नावाची ट्रान्सपोर्ट होती – दोन ट्रक आणि एक जुनी जीप. बापाचा पैसा नाही, कोणाची ओळख नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून आणि तोंड चालवून. माझा राग अख्ख्या वाडीला ठाऊक होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. देवीचा रोग देशातून संपत आला होता, पण कुठेतरी ठिणगी उडायचीच. एका परदेशी मदतसंस्थेचं पथक नागपुरात उतरलं होतं. त्यांना जीप हवी होती, आणि रस्ते ठाऊक असलेला, लोकांशी बोलू शकणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, पगार नको. माझी धाकटी बहीण देवीनं गेली होती. मी तेव्हा सात वर्षांचा. आईनं तिला आठ दिवस आतल्या खोलीत लपवून ठेवलं होतं, आणि घरात कुजबुजूनच बोलायची आम्हाला ताकीद होती. ते आठ दिवस मी विसरलेलो नव्हतो.

पगार नको म्हटलं, पण नुसतं ‘स्वयंसेवक’ लिहू नका, असंही म्हटलं. अर्धा तास भांडून मी कार्डावर ‘हेल्थ प्रोग्राम ऑफिसर’ असं टाईप करून घेतलं. सातवी नापास माणूस – ऑफिसर! बायकोनं ते कार्ड पहिल्या दिवशी देवापुढे ठेवलं होतं.

पथकाचा प्रमुख एक गोरा डॉक्टर होता. उंच, उन्हानं लालबुंद झालेला, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. माझ्याबरोबर असायचा मेश्राम – सरकारी लसटोचक. खेड्यापाड्यात अशा माणसाला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. कामाची पद्धत साधी होती. जिथे रोगी सापडेल तिथल्या चारी बाजूंच्या एकेका घरात जायचं, सगळ्यांना टोचायचं आणि दाराशेजारी भिंतीवर गेरूनं दोन आकडे लिहायचे – घरात माणसं किती, टोचली किती. दोन्ही आकडे सारखे झाले की घर ‘क्लिअर’. खाली माझी सही.

मे महिन्यात खापरखेड्याच्या पुढे एका वीटभट्टीवर एक मजूर देवीनं गेला. वीज केंद्राची धुराडी दिसतील एवढ्या अंतरावर ती भट्टी होती. आता तिथे काहीच नाही. मजूर सगळे भंडाऱ्याकडचे. हंगाम संपलेला, पाऊस तोंडावर आलेला, आणि सगळ्यांना गावी जायची घाई. ते सुटले असते तर पंधरा-वीस गावांत पांगले असते, आणि त्यांच्यापैकी एकाच्या जरी अंगात रोग असता, तरी तो त्या सगळ्या गावांत पोचला असता. डॉक्टरनं भट्टीमालकाला बजावलं – सगळी घरं क्लिअर आणि कोणाला ताप नाही, अशी माझी सही झाल्याशिवाय गाडी सुटणार नाही.

माझी सही! मालक दिवसातून तीनदा माझ्यापुढे हात जोडून उभा राहायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

अकरा झोपड्या होत्या. दहा झाल्या. अकरावीच्या दारात एक म्हातारी आडवी उभी राहिली. आत अंधार, मध्ये साडीचा पडदा.

“आत माता बसवली हाय जी. परक्या मानसानं पाय नाई टाकाचा.”

“मग सगळे बाहेर या.”

“कोनी नाई येत. आमाले नाई पाह्यजे सुई.”

मी ओरडलो. “म्हातारे, पोलीस आणू का? गावाला जायचंय ना तुला?”

तिनं नुसता हात खाली-वर केला. “हळू बोला जी. हळू बोला.”

अर्धा तास हे चाललं. शेवटी मी तेच केलं जे मला येतं. सौदा. घरातल्या सगळ्यांनी बाहेर येऊन टोचून घ्यायचं. मी पडद्याच्या आत पाय टाकणार नाही. म्हातारीनं मान हलवली. एकेक जण बाहेर आला – ती स्वतः, तिचे दोन मुलगे आणि सून पार्बता. पार्बताचा नवरा, म्हणजे म्हातारीचा थोरला, आधीच गावी गेला होता. चार माणसं, चार टोचली. मी भिंतीवर आकडे लिहिले.

मेश्राम कानाशी येऊन म्हणाला, “भाऊ, आत पाहून घेऊ का एक डाव?”

“शब्द दिलाय मी. सौदा झाला म्हणजे झाला.”

जीप निघाली तशी त्यानं मागे वळून झोपड्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “त्या घरी फोडणीचा वास नाई आला, भाऊ. सयपाक त चालू होता.”

“तू सुया टोच. नाक कशाला खुपसतोस?”

ज्या घरात देवी आलेली असते तिथे फोडणी देत नाहीत. मोठ्यानं बोलत नाहीत. परक्याला आत घेत नाहीत. हे मला मेश्रामनं सांगायची गरज नव्हती. माझ्याच घरात मी ते पाहिलं होतं. पण पोलीस न आणता मी चार सुया टोचून घेतल्या होत्या, आणि जिंकलेला सौदा कोणी उकरून काढत नाही.

तीन दिवसांनी ट्रक लागला.

सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. अडतीस माणसांची यादी माझ्या हातात होती. एकेकाचा ताप मेश्रामनं पाहिला, एकेक जण वर चढला, मी मोजलं – अडतीस. कागदावर सही केली. डॉक्टर जीपच्या सावलीत बसून काही लिहीत होता. मी फाळक्याची कडी लावायला ट्रकच्या मागे गेलो...

फाळक्यावर कोळशानं एक खूण काढलेली होती. एक वाटोळं, त्यातून आडवी रेघ, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना खाली लोंबणारे दोन शेंडे. ताजी. कोळशाची भुकटी अजून कडेला चिकटलेली.

ती खूण मी ओळखत होतो. कशी, ते सांगतो.

वाडीच्या गोदामात मला पोती मोजायला शिकवलं मारोतीकाकांनी. ते हमालांचे मुकादम. अक्षरशत्रू, पण त्यांची मोजणी कधी चुकली नाही. “डोयानं मोजशील त फसशील, नाम्या,” असं म्हणायचे. “हात लावून मोज.” मोजणीबद्दल शंका आली की ते ट्रकच्या फाळक्यावर हीच खूण काढायचे. अर्थ एवढाच – गाडी थांबवा, पुन्हा मोजा. ती खूण त्यांनी स्वतःच्या मनानं बनवलेली. दुसऱ्या कुठल्या गोदामात ती नव्हती. आणि ती पुसायचा हक्क फक्त काकांचा. काकांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ते गोदामही पाडलेलं. बरोबरचे जुने हमाल केव्हाच पांगले होते. आणि त्यांच्यातलं त्या भट्टीवर कोणीही नव्हतं.

मी ती खूण तळहातानं पुसली. का पुसली ते शेवटी सांगेन.

पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हटलं, “सोड गाडी.” त्यानं इंजिन चालू केलं. तेवढ्यात मागून मेश्रामची हाक आली. त्याचा आवाज वेगळाच होता.

“भाऊ... इकडे या जरा.”

खूण पुन्हा तिथेच होती. तेवढीच मोठी, तेवढीच ताजी.

“आत्ताच त पुसली ना तुमी?” मेश्राम म्हणाला. “मी इथीच उभा होतो. कोनी आलं नाई. मी पाहूनच राहिलो होतो, अन् ते... होतं.”

मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं.

पुढचा तासभर माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट. मी पुन्हा मोजलं. अडतीस. नावं घेऊन मोजलं. अडतीस. माझ्याकडे सांगायला कारण नव्हतं. वरचे लोक उन्हात भाजत होते. एक जण ओरडला, “ओ ऑफिसर, आता हाताचे बोटं बी मोजून घ्या आमचे! दहा-दहा हायेत का नाई, पाहा!” सगळे हसले. मालक दात-ओठ खात होता. “नामदेवभाऊ, सही केली न तुमी? मंग आता काहून अडवून राहिले?”

डॉक्टर उठून आला. “क्या प्रॉब्लेम है? लिस्ट ठीक है?”

“ठीक आहे.”

“तो जाने दो.”

मी काय सांगणार होतो? मेलेल्या मुकादमानं गाडी अडवलीय? मला घाम फुटला होता, आणि घाम फुटला की मला राग येतो. मी चाकावर पाय देऊन वर चढलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, “सगळे खाली उतरा! सामानसुमान घेऊन उतरा! एकेकाला हात लावून मोजल्याशिवाय ही गाडी हलणार नाही. ऐकू येतं का?”

शिव्यांचा एकच गलका झाला. सगळे मला ओरडत होते... एक सोडून. कोपऱ्यात ती अकराव्या झोपडीची म्हातारी बसली होती. तिच्या शेजारी पार्बता, आणि पार्बताच्या मांडीवर गोधडीची वळकटी. मी ओरडलो तसा म्हातारीचा हात आपोआप त्या वळकटीच्या वरच्या टोकावर गेला. झोपलेल्या लेकराचे कान झाकावेत तसा.

“हळू बोला जी,” ती म्हणाली. “हळू बोला.”

ते शब्द मी माझ्या आईच्या तोंडून आठ दिवस ऐकले होते.

मी गप्प झालो. मी माणसांवरून पाय टाकत कोपऱ्यात गेलो आणि वळकटीवर हात ठेवला. तो पत्रा, ते ऊन – पण गोधडीच्या आतली ऊब त्याहून जास्त होती. म्हातारीनं माझा हात धरला नाही. पार्बतानं स्वतःच गोधडी बाजूला केली.

पाच वर्षांची मुलगी. सायत्रा तिचं नाव. तोंडावर बोट टेकवायला जागा उरली नव्हती. माझी चाहूल लागली तशी तिनं डोळे उघडायचा प्रयत्न केला. ते उघडले नाहीत.

अकराव्या घरात पाच माणसं होती. मी चार लिहिली होती.

ट्रक रिकामा झाला. भट्टीवर पहारा बसला. ते लोक आणखी तीन आठवडे तिथेच राहिले, रोज मला शिव्या देत. त्यांच्या गावांत देवी पोचली नाही, एवढं खरं आहे. हे कोणीतरी कधीतरी माझ्या नावावर लिहायला हवं होतं.

त्याऐवजी काय लिहिलं, ते ऐका.

त्याच दुपारी डॉक्टरनं विचारलं, यादी बरोबर होती तर गाडी का थांबवली? मी खुणेकडे बोट दाखवलं. त्यानं खूण पाहिली, मग माझ्या हाताकडे पाहिलं. “तुम्हारा हाथ काला है.”

“पुसली म्हणून काळा आहे!”

तो शांतपणे म्हणाला – कसं सापडलं हे रिपोर्टात लिहावं लागतं. खूण आपोआप आली असं लिहिता येत नाही. तुम्हाला संशय होता, तुम्हीच खूण काढली, असं लिहून द्या.

मला फास दिसला. मला आधीपासून संशय होता, तर मग मी ते घर क्लिअर कसं केलं? म्हणजे जाणूनबुजून खोटी सही. मी मेश्रामला पुढे ओढलं. “सांग यांना. तू पाहिलंस ना?”

मेश्राम खाली पाहत राहिला. “मले सरकारी नोकरी हाय, भाऊ. आता भुताची साक्ष देऊ का मी?”

मी सही करणार नव्हतो. मेलो असतो तरी केली नसती. पण सायत्राला नागपूरच्या विलगीकरण वॉर्डात एकटीच न्यायची ठरली होती. भट्टीवरून कोणाला हलू द्यायचं नाही, असा हुकूम. पार्बता जीपच्या चाकाशी बसली होती. रडत नव्हती. जीप हलली की ती चाकाखाली जाईल, एवढंच तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी डॉक्टरला म्हटलं, “आई बरोबर जाईल. मग सही.”

त्यानं कागद पुढे केला. “ठीक है.”

माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग सौदा. महिन्याभरात पत्र आलं – आपल्या सेवेची गरज नाही. कार्ड परत मागवलं. पुढे पथकातल्या सगळ्यांना प्रशस्तिपत्रं मिळाली, चहा आणणाऱ्यालासुद्धा. मला नाही. मेश्रामनं आपलं फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. तो वारला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो, आणि सांत्वनाला आलेल्या लोकांत बसून मी त्या फ्रेमकडेच पाहत होतो. इतका राग माझ्यात अजून आहे.

सायत्रा चौथ्या दिवशी गेली. आईच्या मांडीवर गेली, तेवढं माझ्या सौद्यातून निघालं. मी रोज डबा घेऊन जायचो आणि व्हरांड्यात उभा राहायचो. त्या दिवशी पार्बता बाहेर आली आणि खांबाला टेकून बसली. म्हणाली,

“त्या दिवशी मी सुई घ्याले बाहेर आली, अन् पुन्ना परद्याच्या मांगं जाऊन उभी राह्यली. सासू तुमच्यासंग सौदा करून राहिली होती. माह्यानं तिच्यापुढं बोलनं होत नाई जी. मी मनात म्हनलं, हा मानूस भांडखोर हाय. हा काही आयकत नाई. आता घुसनच आत...” ती थांबली. “तुमी घुसलेच नाई.”

मग विचारायलाच हवं होतं म्हणून विचारलं, “पार्बता, ट्रकवर कोळशाची ती खूण तू काढलीस का?”

“कोनती खूण?” ती म्हणाली. आणि खरंच तिला ठाऊक नव्हतं. ती सगळ्यात आधी वर चढली होती, आणि सासूनं तिला क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी हा हिशोब शेकडो वेळा लावून पाहिला. पार्बता नाही. मेश्रामनं वाडीचं ते गोदाम कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या नकळत माझ्याच हातानं काढली म्हणावं, तर पहिल्यांदा खूण दिसली तेव्हा माझे हात स्वच्छ होते – नुकतीच पांढऱ्या कागदावर सही केली होती मी, आणि त्या कागदावर डाग नव्हता. मुलगा म्हणतो, बाबा, उन्हानं भास झाला असेल. दोघांना एकच भास?

आता पहिल्यांदा ती का पुसली, ते.

मी विशीत होतो. काकांनी एका ट्रकवर खूण काढली आणि ते जेवायला गेले. सेठ घाई करत होता. मला त्याच्या नजरेत भरायचं होतं. मी खूण पुसली आणि गाडी सोडली. अमरावतीला तीन पोती कमी उतरली. सेठनं सगळ्या हमालांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, खूण कोणी पुसली? मी गप्प राहिलो. खूण पुसायचा हक्क एकट्या काकांचा. तेव्हा आळ त्यांच्यावर आला. त्यांना काढलं, आणि मुकादम मला केलं. माझी ट्रान्सपोर्ट तिथून सुरू झाली. भट्टीवर त्या दिवशी माझा हात विचार न करताच पुढे गेला. त्याला सवय होती.

मी नाही काढली ती खूण. शपथेवर सांगतो. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हेही मला कळतं. काकाही त्या दिवशी सेठसमोर हात जोडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते – “मी नाई पुसली जी.” म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते.